पगारवाढीवर सही कोणाची?

काही वर्षांपूर्वी एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या अंतर्गत समितीवर मी बाहेरची सदस्य होते. पहिली बैठक सुरू व्हायला दहा मिनिटे होती. समितीच्या अध्यक्ष असलेल्या मॅडम मला पॅन्ट्रीत घेऊन गेल्या, चहाचा कप हातात दिला आणि म्हणाल्या, "ताई, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पुढच्या महिन्यात माझं अप्रेझल आहे. त्यावर शेवटची सही साहेबांची असते."

साहेब म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आली होती तेच. कंपनीत दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. मॅडम भित्र्या मुळीच नव्हत्या. वीसेक वर्षांची नोकरी, कामगारांशी वाटाघाटी केलेल्या, वेळप्रसंगी कंत्राटदारांना सरळ केलेल्या. त्या मला फक्त वस्तुस्थिती सांगत होत्या. ही वस्तुस्थिती ऐकून घेईल आणि तिच्यावर उपाय करील असा माणूस त्या इमारतीत नेमलेला नव्हता, म्हणून ती पॅन्ट्रीत, बाहेरून आलेल्या बाईला सांगावी लागत होती.

तक्रारीचा तपशील आणि निकाल मी इथे सांगणार नाही. लैंगिक छळविरोधी कायद्याचे सोळावे कलम गोपनीयतेचे आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या सहीचा प्रश्न मनातून गेला नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा दोन माणसांबद्दल बोलतो, ती आणि तो. तिसरा पक्ष बाजूला राहतो. दोघांनाही पगार देणारा, दोघांच्या खुर्च्या ठरवणारा. कायदा त्याला 'नियोक्ता' म्हणतो, आपण मालक किंवा मॅनेजमेंट म्हणतो. आणि तक्रार जेव्हा कारकून किंवा सुपरवायझरविरुद्ध नसून थेट वरच्या मजल्यावरच्या माणसाविरुद्ध असते, तेव्हा खरी कसोटी या तिसऱ्या पक्षाची लागते.

२०१३चा कायदा, ज्याला आता सगळे 'पॉश कायदा' म्हणतात, ९ डिसेंबर २०१३ला अमलात आला. त्याची मुळे राजस्थानात आहेत. भटेरी गावची साथीण भंवरीदेवी सरकारी योजनेत काम करताना बालविवाह रोखायला गेली आणि १९९२मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. तो अत्याचार तिच्या कामामुळे झाला होता, मात्र तिला काम देणाऱ्या यंत्रणेवर तिच्या सुरक्षिततेची काही जबाबदारी आहे असे तेव्हाचा कोणताच कायदा म्हणत नव्हता. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर १३ ऑगस्ट १९९७ला सर्वोच्च न्यायालयाने 'विशाखा' निकाल दिला आणि संसद कायदा करीपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. संसदेला त्यानंतर सोळा वर्षे लागली. मधल्या काळात ही तत्त्वे कागदावरच राहत आहेत हे न्यायालयाच्या नजरेला आणून देणाऱ्यांत पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले होत्या. त्यांच्या पत्राचीच याचिका झाली. समितीने चौकशी करायची आणि मग आस्थापनेने तीच चौकशी खात्यामार्फत पुन्हा पहिल्यापासून करायची, असा प्रकार तेव्हा सर्रास चाले. बाईने दोनदा साक्ष द्यायची आणि वजनदार माणसाला दुसऱ्यांदा निसटायची संधी मिळायची. समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल मानावा, हे त्या याचिकेतून पक्के झाले.

या सगळ्याच्या आधीचा एक खटला मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात मालक पक्ष नीट वागला होता. १२ ऑगस्ट १९८८. दिल्लीतल्या ॲपॅरल एक्स्पोर्ट प्रमोशन कौन्सिलमधल्या एका तरुण टायपिस्टला अध्यक्षांच्या खासगी सचिवाने ताज पॅलेस हॉटेलच्या बिझनेस सेंटरमध्ये नेले. अध्यक्षांचे डिक्टेशन घ्यायचे आहे, असे कारण दिले. डिक्टेशन घेण्याचे प्रशिक्षण तिला मिळालेले नव्हते, तरीही 'अध्यक्षांचे काम' म्हटल्यावर नाही कसे म्हणणार? तिथे आणि नंतर लिफ्टमध्ये त्याने अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला. तिने लिफ्टचे धोक्याचे बटण दाबले, दार उघडले आणि ती वाचली.

तो स्वतः अध्यक्ष नव्हता. अध्यक्षांच्या दाराबाहेर बसणारा होता. पण त्याच्या हातातली सत्ता अध्यक्षांचीच होती, त्यांच्या नावावर तो तिला हॉटेलात नेऊ शकत होता. म्हणून या प्रकारात 'वरिष्ठ' कोण हे केवळ हुद्द्यावरून ठरत नाही, कोणाचे नाव घेतल्यावर समोरच्याला नकार देता येत नाही यावरून ठरते. कौन्सिलने काय केले? विशाखा निकाल अजून नऊ वर्षे लांब होता, समिती वगैरे काही नव्हते. तरी १८ ऑगस्टला, म्हणजे सहाव्या दिवशी, त्याला निलंबित केले. चौकशी केली आणि २८ जून १९८९ला नोकरीतून काढून टाकले. दिल्ली उच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली, कारण त्याने 'प्रयत्न' केला होता, प्रत्यक्ष स्पर्श सिद्ध झाला नव्हता. कौन्सिल तिथे थांबले नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २० जानेवारी १९९९ला जिंकले. छळ ठरायला प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असे नाही, हे तत्त्व आज आपण गृहीत धरतो. ते एका मालकाने आपल्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या कर्मचारी मुलीसाठी दहा वर्षे लढून मिळवलेले आहे.

आता कायदा मालकाला काय सांगतो ते पाहू. समिती नेमणे हे सर्वांना माहीत असते. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर लेखी आदेशाने अंतर्गत समिती, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. पण एकोणिसावे कलम फारच थोडे लोक वाचतात आणि मालकाची खरी कामे तिथे लिहिलेली आहेत. सुरक्षित वातावरण देणे, तेही केवळ कर्मचाऱ्यांपासून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या कोणापासूनही. समितीला हवी ती माहिती देणे. साक्षीदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, दोघांना समितीसमोर हजर करण्यास मदत करणे. बाईला पोलिसांत जायचे असेल तर तिला साथ देणे. 'आम्ही समिती नेमली, आता ती बघून घेईल' असे म्हणून हात झटकायची सोय या कलमाने ठेवलेली नाही.

आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच मालक असेल तर? छोट्या दवाखान्यात, वकिलाच्या ऑफिसात, घरगुती व्यवसायात हेच जास्त घडते. कायद्याने 'नियोक्ता' या शब्दाची व्याख्या रुंद ठेवली आहे. कामाच्या जागेचे व्यवस्थापन, देखरेख आणि नियंत्रण ज्याच्या हाती तो नियोक्ता, आणि धोरण ठरवणारे मंडळही त्यात आले. अशा माणसाविरुद्धची तक्रार त्यानेच नेमलेल्या समितीकडे न जाता जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असलीच पाहिजे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या जागा आणि घरकाम करणाऱ्या बायका यांच्यासाठीही तीच. किती बायकांना आपल्या जिल्ह्याची स्थानिक समिती कुठे बसते हे ठाऊक असते? मी गटांच्या बैठकांत हा प्रश्न नेहमी विचारते आणि वर झालेले हात एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. ही त्या बायकांची चूक नव्हे. डिसेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला जिल्हा अधिकारी आणि स्थानिक समित्या नेमण्याबद्दल पुन्हा मुदती घालून आदेश द्यावे लागले, कायदा होऊन अकरा वर्षे उलटल्यावर.

वरिष्ठाविरुद्ध तक्रार झाली की कार्यालयात काही वाक्ये ठरलेली असतात. "साहेबांचा स्वभावच मोकळा आहे." "लेखी देऊ नका, तोंडी सांगा, मी बोलतो त्यांच्याशी." "कंपनीचं नाव खराब होईल." आणि मग, कोणी मुद्दाम काही केले असे दिसणारही नाही अशा रीतीने, तिची बदली. बदलीच्या आदेशावर कारण 'प्रशासकीय' असते. बदलीचे हे हत्यार कसे चालते ते पंजाब अँड सिंध बँकेच्या प्रकरणात उघडे पडले. इंदूरच्या शाखेत मुख्य व्यवस्थापक असलेल्या एका महिला अधिकाऱ्याने शाखेतल्या मद्य ठेकेदारांच्या खात्यांमधल्या गैरव्यवहारांबद्दल वर कळवले आणि झोनल मॅनेजरविरुद्ध छळाची तक्रार केली. डिसेंबर २०१७मध्ये तिची बदली जबलपूर जिल्ह्यातल्या सरसवा शाखेत झाली. तिथे एरवी पहिल्या श्रेणीचा अधिकारी बसे आणि ती चौथ्या श्रेणीतली होती. अंतर्गत समितीवरची बाहेरची सदस्य बँकेच्याच वकिलांच्या पॅनेलवरची होती. २५ फेब्रुवारी २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने ही बदली सूडाची ठरवून रद्द केली, तिला इंदूरला परत नेमायला सांगितले आणि बँकेला ५० हजार रुपये खर्चापोटी द्यायला लावले.

त्या निकालात मला सर्वांत बोलका वाटतो तो पॅनेलवरच्या वकिलाचा मुद्दा. बाहेरचा सदस्य कायद्याने का घातला? कारण आतल्या प्रत्येकाच्या नोकरीचा दोर वरच्या कोणाच्या तरी हातात असतो. एक तरी खुर्ची अशी हवी की जिच्या पगारवाढीवर साहेबांची सही नाही. त्या खुर्चीत कंपनीकडून कामे मिळवणारा माणूस बसवला तर दोर पुन्हा तिथेच बांधला. मी स्वतः या खुर्चीत बसते, म्हणून हे मला बोचते. प्रशिक्षणाची मोठी कामे ज्या कंपनीकडून येतात तिच्याच समितीवर बसणे मी बंद केले आहे. सगळ्यांनी करावे असे मला वाटते.

समितीने आपले काम चोख केले तरी पुढे काय होते, याचे उदाहरण दिल्लीतल्या 'टेरी' या संस्थेचे. २०१५च्या फेब्रुवारीत तिथल्या एका तरुण संशोधक कर्मचारी स्त्रीने संस्थेचे महासंचालक राजेंद्र पचौरी यांच्याविरुद्ध तक्रार केली. हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय पॅनेलचे ते तेव्हा अध्यक्ष होते आणि त्यांच्या कार्यकाळातच त्या पॅनेलला २००७चे शांततेचे नोबेल विभागून मिळाले होते. म्हणजे तक्रार संस्थेच्या चेहऱ्याविरुद्ध होती. पचौरींनी आरोप शेवटपर्यंत नाकारले. अंतर्गत समितीने मे महिन्यात अहवाल दिला आणि तो त्यांच्या विरोधात गेला. ते औद्योगिक न्यायाधिकरणात गेले आणि अहवालाला स्थगिती मिळाली. इथपर्यंत प्रत्येकाने आपापला कायदेशीर हक्क वापरला. यापुढचे निर्णय मात्र नियामक मंडळाचे होते. नवा महासंचालक निवडायला जुलै उजाडला. तक्रारदार स्त्रीने नोव्हेंबरात राजीनामा दिला आणि संस्थेने आपल्याला वाईट वागवले असे सांगितले. आणि २०१६च्या फेब्रुवारीत पचौरींना कार्यकारी उपाध्यक्ष हे नवे पद दिल्याचे जाहीर झाले. देशभर निषेध झाला, संस्थेच्या विद्यार्थ्यांनीही आवाज उठवला आणि मग ते रजेवर गेले. २०२०च्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले तेव्हा फौजदारी खटला अनिर्णीतच होता.

त्यांचा गुन्हा ठरवणे हे न्यायालयाचे काम होते आणि ते झाले नाही, म्हणून त्यावर मी काही म्हणणार नाही. नियामक मंडळासमोरचा प्रश्न वेगळा होता. स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल विरोधात, प्रकरण न्यायाधिकरणात, आणि तक्रार करणारी स्त्री त्याच इमारतीत कामाला येते आहे. अशा वेळी त्या इमारतीतली सत्ता कोणाच्या हाती राहील? स्थगितीने अहवालाची अंमलबजावणी थांबली होती. नवे पद निर्माण करा असे तर कोणतेही न्यायाधिकरण सांगत नव्हते. बाहेर पडली ती तक्रारदार, आणि हे मला आजही अस्वस्थ करते.

अमेरिकेत हाच प्रश्न पैशांच्या भाषेत विचारला गेला. १९९८च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले आणि सूत्र घालून दिले: वरिष्ठाने केलेल्या छळाला मालक जबाबदार. छळापायी नोकरी गेली, बढती अडली, तर मालकाला सुटकाच नाही. तसे झाले नसेल तर मालकाला बचाव आहे, पण त्यासाठी त्याने छळ रोखायची आणि निस्तरायची योग्य काळजी घेतली होती हे त्याला दाखवावे लागते. वरिष्ठाचा हात कंपनीनेच लांब केलेला असतो, हा त्यामागचा विचार.

मॅकडोनाल्ड्सची गोष्ट त्यानंतरची. नोव्हेंबर २०१९मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीव्ह ईस्टरब्रुक यांना कर्मचारी स्त्रीशी संबंध ठेवल्याबद्दल जावे लागले. संबंध परस्परसंमतीचे होते, पण कंपनीच्या नियमात बसणारे नव्हते. निरोप मात्र 'कारणाविना', म्हणजे गैरवर्तनाचा ठपका न ठेवता, दिला गेला, त्यामुळे चार कोटी डॉलरहून अधिक रकमेचे लाभ त्यांच्याकडे राहिले. पुढच्या वर्षी नवी माहिती आली. आणखी तीन कर्मचारी स्त्रियांशी संबंध होते आणि ते लपवले गेले, असा कंपनीचा दावा. त्यांनी फोनवरून पुसलेले ईमेल कंपनीच्या सर्व्हरवर तसेच होते, असेही कंपनीने म्हटले. खटला झाला आणि डिसेंबर २०२१मध्ये त्यांनी साडेदहा कोटी डॉलर किमतीची रोकड आणि शेअर परत केले. पहिल्याच वेळी सर्व्हर उघडला असता तर? मोठ्या माणसाची चौकशी 'सन्मानाने' उरकण्याची घाई दोन खंडांत सारखीच दिसते. आपल्याकडे तिचे नाव 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा' असे असते.

त्याच कंपनीतला दुसरा धागा मला अधिक शिकवून गेला. तिथला मनुष्यबळ विभागाचा प्रमुख, म्हणजे जगभरच्या तक्रारी ज्याच्या टेबलावर यायच्या तो अधिकारी, त्याच्यावरही छळाचे आरोप झाले आणि त्यालाही काढण्यात आले. भागधारकांनी दावा लावला. जानेवारी २०२३मध्ये डेलावेअरच्या न्यायालयाने म्हटले की कंपनीत काय चालले आहे यावर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य केवळ संचालकांचे नसून अधिकाऱ्यांचेही असते. धोक्याच्या खुणा दिसूनही डोळेझाक करणे हा कंपनीशी द्रोह ठरू शकतो आणि स्वतः छळ करणे हाही. तो दावा पुढे टिकला नाही, पण हे तत्त्व राहिले.

आपल्याकडे संचालक मंडळाच्या वार्षिक अहवालात समिती नेमल्याचे निवेदन २०१८पासून सक्तीचे झाले आणि २०२५च्या दुरुस्तीने किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती नव्वद दिवसांहून अधिक रखडल्या हेही सांगावे लागते. आकडा शून्य असला की काही मंडळांना समाधान वाटते. हजारो माणसांच्या कंपनीत वर्षानुवर्षे शून्य तक्रारी दिसल्या की मला चिंता वाटते.

एक इशाराही द्यायला हवा. वरिष्ठाला धडा शिकवण्याच्या भरात चौकशी धावत उरकली तर तीही कोसळते. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध अनेक विद्यार्थिनींच्या तक्रारी होत्या. २००९मध्ये समितीने बैठकांचा धडाका लावून अहवाल दिला आणि विद्यापीठाने त्यांना बडतर्फ केले. मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बडतर्फी रद्द केली, कारण बाजू मांडायला पुरेसा वेळच दिला गेला नव्हता, आणि चौकशी चौदा वर्षांपूर्वीच्या टप्प्यावर परत पाठवली. त्या मुलींनी आतापर्यंत संसार थाटले असतील, कोणी परदेशी असेल. त्यांना पुन्हा बोलवायचे! ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला नीट ऐकून घेणे हे तक्रारदाराच्याही हिताचे असते, हे समित्यांना सांगताना मी हेच प्रकरण सांगते. कायद्याने नव्वद दिवस दिले आहेत. ते वापरावेत.

आणि त्या नव्वद दिवसांत मालकाने काय करायचे, तर बाराव्या कलमाकडे वळायचे. बाईने लेखी मागितले की समिती शिफारस करू शकते: तिची किंवा त्याची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा. सोबतच्या नियमांमधला आठवा नियम आणखी एक गोष्ट सांगतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने तिच्या कामाचे मूल्यमापन करू नये, तिचा गोपनीय अहवाल लिहू नये, ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावे. शिफारस आली की मालकाला ती अमलात आणावीच लागते. सहीचा प्रश्न कायद्याने पाहिला होता, पण अर्धाच. तक्रारदाराच्या अप्रेझलचा विचार केला, समितीच्या अध्यक्षांच्या आणि साक्षीदारांच्या अप्रेझलचा नियमात उल्लेख नाही.

त्या दिवशी चहा संपवून आम्ही बैठकीत गेलो आणि कामाला हात घालण्याआधी संचालक मंडळाच्या अध्यक्षांना एक पत्र लिहिले. तक्रारदार, समितीचे सर्व सदस्य आणि साक्षीदार म्हणून पुढे येणारा प्रत्येक जण, यांच्या पगारवाढ, बढती, बदली आणि रजेच्या कोणत्याही कागदावर चौकशी संपेपर्यंत आणि त्यानंतरचे एक वर्ष या अधिकाऱ्याची सही नसावी. तसा आदेश निघेपर्यंत पुढची बैठक होणार नाही. मसुदा मी सांगितला, टाईप मॅडमनी केला. पाचव्या दिवशी आदेश निघाला. सहीच्या रकान्यात मंडळातल्या एका स्वतंत्र संचालकांचे नाव आले होते.

पुढच्या बैठकीला साहेब समोर येऊन बसले. मॅडमनी चष्मा पुसला, फाईल उघडली आणि पहिला प्रश्न त्यांनीच विचारला.